‘कॅन सी’ आणि आपलें ‘दिसणें’

सायंकाळच्या बातम्या देणारा वार्ताहर पुराच्या पाण्याकडे बोट दाखवून ‘आपण येथें पाहूं शकतां’ असें म्हणतो, तेव्हां प्रेक्षकांच्या नेत्रसामर्थ्याविषयीं त्याला कांहीं सांगावयाचें असतें असें नाहीं. त्याला म्हणावयाचें असतें ‘हें पाहा’, किंवा फार तर ‘दिसतेंच आहे’. पण हे साधे शब्द आतां त्याच्या तोंडीं येत नाहींत. दूरचित्रवाणीपुरतीच ही गोष्ट असती तर तिच्यासाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु भाषांतरित कादंबऱ्या, प्रवासवर्णनें, शास्त्रीय पुस्तकांतील आकृतींखालचा मजकूर, जिकडे जावें तिकडे मंडळी पाहूं शकत आहेत. कोणाला कांहीं दिसत म्हणून नाहीं. हिंदीच्या शेजारानें हा प्रयोग बळावला असेल. तथापि भाषांतरांत तो आला आहे तो सरळ इंग्रजींतून, ‘कॅन’ या सहायक क्रियापदाचें बोट धरून. आणि गंमत अशी कीं, ज्या इंग्रजी प्रयोगाची ही नक्कल आहे त्या प्रयोगांत ‘शकण्या’चा अर्थ बहुधा नसतोच.

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाला ‘कॅन’ म्हणजे ‘शकणें’ असें सांगतात. आरंभापुरतें तें ठीक आहे. ‘ही कॅन लिफ्ट धिस स्टोन’ म्हणजे तो हा दगड उचलूं शकतो. येथें सामर्थ्य सांगितलें आहे, आणि उचलण्याची क्रिया घडली कीं नाहीं याविषयीं वाक्यानें मौन धरलें आहे. आतां डोलकाठीवर चढलेला खलाशी ओरडतो, ‘आय कॅन सी अ शिप’. त्यानें आपल्या डोळ्यांचा दाखला दिला नाहीं. गलबत नजरेच्या टप्प्यांत आलें आहे व या क्षणीं तें त्याला दिसत आहे, इतकेंच त्यानें सांगितलें. दगड उचलूं शकणारा मनुष्य दगड न उचलतां स्वस्थ बसूं शकेल. गलबताविषयीं ‘कॅन सी’ म्हणणाऱ्याला तें न दिसतां राहण्याची सोय नाहीं. सामर्थ्य आणि क्रिया यांमधील अंतरच येथें नाहींसें झालें आहे. १८१४ सालीं बाल्टिमोरजवळच्या मॅकहेन्री किल्ल्यावर ब्रिटिश आरमारानें रात्रभर भडिमार केला, आणि पहाटे निशाण जाग्यावर आहे कीं नाहीं याची वाट पाहणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट की या वकिलानें कविता लिहिली. १९३१ सालीं ती अमेरिकेचें राष्ट्रगीत ठरली. तिच्या आरंभींच्या प्रश्नांतच ‘कॅन’ आणि ‘सी’ एकत्र आलेले आहेत. ऐकणाऱ्याची दृष्टि शाबूत आहे काय, असा तो प्रश्न नव्हे. निशाण दिसतें आहे काय, असा आहे.

इंग्रजी व्याकरणकारांच्या हें लक्षांत आलेलें आहे. जेफ्री लीच यांनीं ‘मीनिंग अँड द इंग्लिश व्हर्ब’ (१९७१) या लहानशा पण मोलाच्या पुस्तकांत, इंद्रियांना आपोआप होणाऱ्या ज्ञानाच्या क्रियापदांशीं ‘कॅन’ आलें असतां त्याचा सामर्थ्यवाचक अर्थ गळून पडतो असें सांगितलें आहे. हा नियम ‘सी’पुरता नाहीं, ऐकूं येणें, वास येणें, चव लागणें, स्पर्श जाणवणें या सर्वांच्या इंग्रजी क्रियापदांना तो लागू आहे. घरांत धुराचा वास आला तर इंग्रज मनुष्य ‘आय कॅन स्मेल स्मोक’ असेंच म्हणेल. आणि आपल्या नाकाची प्रशंसा चालली आहे असें त्याच्या बायकोला वाटणार नाहीं.

मग हें ‘कॅन’ त्याला हवें तरी कशाला? याचें उत्तर ‘सी’च्या स्वभावांत आहे. गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानें १९४९ सालच्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथांत धावणें आणि शर्यत जिंकणें या दोन क्रियांतील जातिभेद दाखविला आहे. धावणें कांहीं वेळ चालतें. जिंकणें चालत नाहीं, तें होतें आणि झालेलें असतें. ‘सी’ला राइल यांनीं जिंकण्याच्या पंक्तीला बसविलें. ॲरिस्टॉटलनें ‘मेटॅफिजिक्स’मध्यें म्हटलेंच होतें कीं, घर बांधीत असतां घर बांधलेलें नसतें, परंतु मनुष्य पाहतो त्याच क्षणीं त्यानें पाहिलेलेंहि असतें. झेनो व्हेंडलर यांनीं १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत हा विषय पुढें नेला, आणि ‘सी’ला नजरेस पडण्याचा एक क्षण आहे तशी त्यानंतर टिकणारी एक स्थितिहि आहे, असें दाखविलें. ही टिकणारी स्थिति सांगावयाची कशी, ही इंग्रजीची अडचण. चालू काळाचें नेहमींचें रूप उपयोगाचें नाहीं. ‘आय अ‍ॅम सीइंग’ म्हटलें तर ऐकणाऱ्याला भेटीगांठी चालल्या आहेत असें वाटावयाचें, नाहीं तर भास होत आहेत असें. अशा वेळीं ‘कॅन’ धांवून येतें आणि दार उघडें राहावें म्हणून खालीं सारलेल्या पाचरेसारखें त्या क्षणाला उघडा धरून ठेवतें. त्याचें काम येथें शक्ति सांगण्याचें नसून काळ सांगण्याचें आहे. (आमचे विद्यार्थी ‘मला डोंगर दिसत आहे’ याचें इंग्रजी ‘आय अ‍ॅम सीइंग अ हिल’ असें करतात, ती याच अडचणीची दुसरी बाजू होय. मराठींतून इंग्रजींत जातांना ‘कॅन’ विसरावयाचें आणि इंग्रजींतून मराठींत येतांना तें डोक्यावर घेऊन यावयाचें, असा हा दुहेरी व्यवहार आहे.)

भूतकाळांत हा भेद अधिकच उघड होतो. पदवीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांना ठाऊक नसतें कीं, एकदांच साधलेली गोष्ट सांगतांना ‘कुड’ चालत नाहीं. ‘मीं धांवलों आणि मला गाडी पकडतां आली’ याच्या इंग्रजींत ‘कुड’ घातलें तर शिक्षकाची लाल रेघ तेथें पडते. ‘वॉज एबल टु’ असें कांहीं तरी लिहावें लागतें. कारण ‘कुड’ शक्यता सांगतें, सिद्धि सांगत नाहीं. परंतु ‘आय लुक्ड अप अँड कुड सी अ लाइट’ हें वाक्य निर्दोष आहे. नियमाला हा अपवाद कां? तर येथें ‘कुड’ शक्यता सांगतच नाहीं. दिवा दिसत होता, एवढी घडलेली वस्तुस्थितीच सांगतें.

शब्दांचें कुळ पाहावें तर आणखीच मौज आहे. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘शकणें’ नव्हेच. तो आहे ‘जाणणें’. संस्कृतांतील ‘ज्ञा’ धातु आणि हें ‘कॅन’ एकाच घरचे आहेत. सामर्थ्य सांगण्याचें काम पूर्वीं ‘मे’कडे होतें, आणि बळ या अर्थाचें ‘माइट’ हें नाम अजून त्याची साक्ष देतें. ‘शॅल’ म्हणजे देणें लागणें, आणि ‘विल’ म्हणजे इच्छिणें. यांपैकीं ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांची घडण भूतकाळाची व अर्थ वर्तमानाचा. म्हणूनच ‘ही’ या कर्त्याबरोबर त्यांना ‘स’कार लागत नाहीं. याच घडणीचें एक जुनें इंग्रजी क्रियापद आज ‘विट’ या शब्दांत अर्धवट जिवंत आहे. त्याचा अर्थ जाणणें, आणि त्याचें मूळ पाहण्यांत: लॅटिनमध्यें त्याच धातूचा अर्थ पाहणें असा आहे, आणि आपल्याकडे तो ‘विद्’ म्हणून नांदतो. संस्कृतांत ‘वेद’ हें क्रियारूपहि असेंच घडणीनें भूतकाळाचें आणि अर्थानें ‘तो जाणतो’ असें आहे. पाहिलें, म्हणून जाणतों. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाहीं हें खरें. परंतु ‘कॅन’ आणि ‘सी’ यांचा शेजार आजचा नाहीं, एवढें तरी यावरून म्हणतां येईल.

आतां आपल्या घरांत येऊं. मराठीला ही पाचर लागतच नाहीं, कारण मराठीनें मुळांतच दोन खोल्या बांधल्या आहेत. ‘मी डोंगर पाहतों’ यांत मी कर्ता, आणि पाहणें माझ्या इच्छेचें. ‘मला डोंगर दिसतो’ यांत कर्ता डोंगर. मी नुसता चतुर्थींत उभा आहें, जें येईल तें घ्यावयाला. ऐकणें आणि ऐकूं येणें, वास घेणें आणि वास येणें, हा सारा संसार याच रीतीनें विभागलेला आहे. इंग्रजींतहि ‘लुक’ आणि ‘सी’ हे दोन शब्द वेगळे आहेत, नाहीं असें नाहीं. परंतु दोन्हींत पाहणारा मनुष्य कर्त्याच्याच खुर्चींत बसलेला असतो. मराठी त्याला त्या खुर्चींतून उठविते. शिवाय दिसणें टिकतें हें सांगावयाला ‘दिसत आहे’, ‘दिसत होता’ हीं सरळ रूपें तिच्याजवळ तयार आहेत.

हा भेद नुसता व्याकरणाचा असता तर त्याविषयीं इतकें लिहिण्याची हौस मला नाहीं. एखाद्या इंग्रजी कादंबरींत येईल असें एक वाक्य घ्या: ‘फ्रॉम द विंडो शी कुड सी देम टॉकिंग बाय द गेट.’ नवरा आणि दुसरी कोणी स्त्री फाटकाशीं बोलत उभीं आहेत, आणि खिडकींत ही आहे. ‘खिडकींतून तिला तीं दोघें फाटकाशीं बोलतांना दिसत होतीं’ असें भाषांतर केलें, तर दुःख तिच्यावर चालून आलें आहे. तिनें तें शोधलेलें नाहीं. ‘खिडकींतून ती त्यांना फाटकाशीं बोलतांना पाहूं शकत होती’ असें लिहिलें कीं, तिनें जागा हेरून पाळत ठेवली असल्याचा वास येऊं लागतो. आणि पुढच्याच क्षणीं दुसरा संशय: पाहूं शकत होती म्हणजे पाहिलें, कीं नुसतें पाहतां आलें असतें? मूळ लेखकानें आपल्याला त्या स्त्रीच्या डोळ्यांमागें नेऊन उभें केलें होतें. भाषांतरकारानें आपल्याला अंगणांत आणून तिच्याकडे बोट दाखवावयाला लावलें. पन्नास पानांनंतर नवरा ‘तूं माझ्यावर नजर ठेवलीस’ असा आरोप करील तेव्हां इंग्रजी वाचक तिची बाजू घेईल, आणि मराठी वाचक म्हणेल, खरेंच कीं! एका सहायक क्रियापदानें नायिकेचें शील बदलून टाकलें.

कादंबरीची गोष्ट सोडली तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत हा भेद जीवावर बेतूं शकतो. आपल्याकडील न्यायालयांत साक्ष मराठींत होते आणि कागदावर कधीं मराठींत, कधीं इंग्रजींत उतरते. ‘कुड यू सी द फेस ऑफ द अ‍ॅक्यूज्ड?’ या प्रश्नाचा मराठी अर्थ ‘आरोपीचा चेहरा तुम्हांला दिसत होता काय?’ असा आहे. त्याऐवजीं ‘तुम्ही आरोपीचा चेहरा पाहूं शकत होतां काय?’ असें विचारलें तर एखादा प्रामाणिक साक्षीदार, कंदील होता, अंतर थोडें होतें, मान वळविली असती तर पाहतां आलें असतें, असा विचार करून ‘हो’ म्हणून बसेल. त्याच्या ‘हो’चें इंग्रजी मात्र असें होईल कीं त्यानें चेहरा पाहिलाच होता.

‘कॅन सी’ला मराठींत एकच प्रतिशब्द नाहीं. प्रसंग पाहून चार-पांच रूपांतून एक निवडावें लागतें. डोळ्यांपुढें असलेल्या वस्तूसाठीं ‘दिसतें’. संधि किंवा सोय सांगावयाची तर ‘पाहतां येतें’: महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवरून सूर्यास्त पाहतां येतो, मग त्या दिवशीं तेथें कोणी गेलेला असो वा नसो. अंधारांत डोळे ताणूनहि उपयोग नाहीं अशा वेळीं इंग्रज ‘कुड नॉट सी’ म्हणतो, आणि आपण म्हणतों ‘दिसेना’. या एका शब्दांत प्रयत्न, त्याचें अपयश आणि जीवाची तगमग हीं तिन्ही आहेत. ‘पाहूं शकला नाहीं’ या तीन शब्दांत त्यांतलें एकहि नाहीं. मग ‘पाहवणें’ आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ची (१९११) ओळख असलेल्यांना शक्य क्रियापदांचें प्रकरण आठवेल; ‘मला चालवतें’, ‘मला बसवत नाहीं’ या जातीचीं हीं रूपें. ‘मला तें पाहवत नाहीं’ असें म्हणणाऱ्याचे डोळे चांगले असतात, वस्तु समोर असते, दिसतहि असते. कमी पडतें तें काळीज. इंग्रजीला हें सांगावयाला सहन करण्याचें निराळें क्रियापद मध्यें आणावें लागतें. ज्या भाषेंत शक्तीचा विचार क्रियापदाच्या पोटांतच इतक्या बारकाईनें झालेला आहे, तिनें बाहेरून ‘शकणें’ जोडून घ्यावें यासारखी दुसरी उधळपट्टी नाहीं.

इतर सहायक क्रियापदांविषयीं फार लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. ‘वुई शॅल सी’ म्हणजे ‘पाहूं’; आणि मुलानें हट्ट धरला असतां आईबापांच्या तोंडीं या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘नाहीं’ असाच असतो, हें दोन्ही देशांतील मुलांना ठाऊक आहे. ‘मे आय सी?’ म्हणजे ‘पाहूं का?’ जुन्या दिवसांची आठवण सांगणाऱ्या ‘वुड सी’ला आपलें ‘दिसे’ हें रूप नेमकें जुळतें: वाटेवर रोज एक म्हातारा दिसे. हें रूप आतां लोक विसरूं लागले आहेत, आणि ‘दिसायचा’वर सगळा भार पडतो आहे, याचें मला वाईट वाटतें, पण तो विषय वेगळा.

‘मस्ट सी’जवळ मात्र थोडें थांबलें पाहिजे. या वाक्यांतच उत्तर येऊन गेलें. ‘हें नाटक पाहिलेंच पाहिजे’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत पाहणें दोनदां येतें. ‘पाहिजे’ हें ‘पाहणें’ याचेंच जुनें कर्मणि रूप. पाहिलें जातें, शोधिलें जातें, म्हणून हवें आहे, म्हणून अवश्य आहे, अशी त्याची वाट. ‘करूं पाहतो’ यांत पाहणें इच्छा झालें, ‘करून पाहतो’ यांत प्रयोग झालें. इंग्रजीनें आपलीं सहायक क्रियापदें जाणण्यांतून, ऋणांतून, बळांतून घडविलीं आणि मग त्यांना पाहण्याच्या क्रियापदाशीं जोडलें. मराठीनें पाहण्याच्या क्रियापदालाच सहायक केलें. अशा भाषेच्या लेखकाला ‘पाहूं शकतां’खेरीज दुसरें सुचूं नये, याला काय म्हणावें?

‘पाहूं शकणें’ हा प्रयोग सर्वत्र अशुद्धच आहे असा माझा पक्ष नाहीं. जेथें सामर्थ्याचाच प्रश्न आहे तेथें तो हवाच. गीतेचा अकरावा अध्याय घ्या. चौथ्या श्लोकांत अर्जुन विचारतो तें हेंच कीं, आपल्याला तें रूप पाहणें शक्य आहे असें श्रीकृष्णाला वाटतें काय. आठव्यांत श्रीकृष्ण सांगतो कीं या चर्मचक्षूंनीं तूं पाहूं शकणार नाहींस, म्हणून दिव्य चक्षु देतों. दोन्ही ठिकाणीं ‘शक्’ आणि ‘दृश्’ हे धातु हेतुपुरस्सर एकत्र आणलेले आहेत. मनुष्याच्या दृष्टीची मर्यादा, हाच तेथील विषय आहे. ज्या जोडीचें काम विश्वरूपापुढें, ती आपण नळाच्या फुटलेल्या तोटीपुढें खर्च करतों आहोंत. भयाशीं डोळा भिडवून पाहूं शकणारा मनुष्य, स्वतःच्या दोषांकडे तटस्थपणें पाहूं शकणारा लेखक, असें म्हणण्यासाठीं हा प्रयोग शिल्लक राहिला पाहिजे. तो सरसकट वापरल्यानें त्याचीच धार जाते.

भाषा उसनवारीनेंच वाढते, मराठी गद्यानें इंग्रजीकडून थोडें का घेतलें आहे, असा आक्षेप येईल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ सालीं निघाली, तेव्हांपासून आपल्या वाक्याचा पल्ला आणि डौल यांवर इंग्रजीचा ठसा आहे, आणि त्यानें आपलें बळ वाढलेंच आहे. पण त्या घेण्यांत आपल्या पदरीं कांहीं पडलें. येथें काय पडतें? जें ‘दिसतें’ या एका शब्दांत होतें त्याला दोन शब्द लागतात, घडलेली गोष्ट शक्यता होऊन बसते, आणि ज्याच्याकडे दृश्य चालून आलें त्याच्यावर पाहण्याची जबाबदारी येते.

एच. जी. वेल्सची ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ ही १९०४ सालची गोष्ट मराठींत आणूं पाहणाऱ्याला या प्रश्नाची खरी परीक्षा द्यावी लागेल. अँडीज पर्वतांतील एका कोंडलेल्या दरींत पिढ्यान्‌पिढ्या आंधळे लोक राहतात. पाहण्याचे शब्दहि त्यांच्या भाषेंतून पुसले गेले आहेत. नुन्येझ नांवाचा डोळस गिर्यारोहक कड्यावरून तेथें कोसळतो आणि आपल्याला दृष्टि आहे हें त्यांना पटवूं लागतो. येथें सामर्थ्याचाच दावा आहे. तेव्हां ‘मी पाहूं शकतों’ म्हणण्याचा मोह होईल, आणि तो अगदींच अयोग्य म्हणतां येणार नाहीं. तरीहि मी ‘मला दिसतें’ असेंच लिहीन. कर्म न घेतां आलेलें हें ‘दिसतें’ मराठींत दृष्टि असणें या अर्थानें पूर्ण आहे. मोतीबिंदु काढलेली आजी ‘आतां दिसतें हो’ म्हणते, त्यांत काय उणें आहे? शिवाय त्या दरींतले लोक मराठी बोलते तर ‘मला ऐकूं येतें’, ‘मला वास येतो’ असेंच म्हणत असते. नुन्येझचें ‘मला दिसतें’ त्यांना रचनेनें तंतोतंत ओळखीचें वाटेल. याच्याकडेहि कांहीं तरी येतें हें कळेल, पण काय येतें तें कळणार नाहीं. तेथला वैद्य त्याच्या वेडाचें मूळ त्या चाळवणाऱ्या डोळ्यांत आहे असें ठरवून ते काढून टाकण्याचा उपाय सुचवितो. प्रेमांत सांपडलेला नुन्येझ कबूलहि होतो. आणि ठरलेल्या दिवशीं सकाळीं बाहेर पडतो, तेव्हां उतारावरून खालीं येणारी पहाट त्याला दिसते.